मशीन कोण चालवणार

आमची बाग लांज्यापासून आत, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उताराला आहे. चाळीसेक हापूसची जुनी कलमं, त्यांच्याखाली काजू आणि वरच्या अंगाला मी स्वतः लावलेली बारा नवी कलमं. आमचे हे मुंबईला एका कारखान्यात नोकरीला. घरी सासूबाई आणि मी.

गणपती गेले की बागेत गवत कमरेच्या वर चढतं. ते बेणून साफ करायला वाडीतले एक काका यायचे. मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून. त्या वर्षी दोनदा निरोप पाठवला, ते आले नाहीत. तिसऱ्यांदा मीच त्यांच्या दारात गेले, तर काका पायरीवर बसून काळे बूट पुसत होते.

"वैनी, मी आता गणपतीपुळ्याला," ते म्हणाले. "लॉजवर वॉचमन. हा खांदा आता वर जात नाय. कोयता कसा मारू?"

परत आले ती सरळ बागेत गेले. गवताला तुरे आले होते. अजून तीन आठवड्यांत ते पिवळं पडणार, मग वाळणार. आदल्या वर्षी पलीकडच्या डोंगराला वणवा लागला होता आणि आमच्या बागेच्या दगडी गडग्यापासून हाकेच्या अंतरावर येऊन कसाबसा विझला होता.

"गो, चार दिस थांब. कोणतरी गावंल," सासूबाई म्हणाल्या.

चार दिवस थांबले. म्हणजे थांबले असं मी म्हणते. खरं तर सकाळ-संध्याकाळ बागेत जाऊन गवताची काडी मोडून बघायची, अजून ओली आहे का. भात शिजत ठेवून मागच्या दारी जायची. एकदा तो लागलाच. सासूबाईंनी करपलेला भात ताकात कालवून खाल्ला, त्याने मला जास्तच कसंतरी झालं.

शेवटी ह्यांना फोन केला. गवत कापायचं मशीन घेऊया म्हटलं.

"घे की," हे म्हणाले. "इथे सोसायटीच्या लॉनवर असतं बघ, चाकांचं. नुसतं ढकलत न्यायचं."

"अहो, ते सपाट हिरवळीवर. आपल्याकडे पावलापावलाला जांभ्याचा दगड."

"मी दुकानदाराशी बोलतो. तू फक्त दुकानात जाऊन फोन लाव."

दुसऱ्या दिवशी लांज्याच्या दुकानात गेले. दुकानदार तरुण होता, बोलायला गोड. त्याने पहिलाच प्रश्न केला, "मशीन दादाच चालवणार ना?"

"नाही. मी."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हात पुढे केला. "दादांना फोन लावून द्या जरा." मग ते दोघं माझ्या फोनवरून बोलत राहिले. किती ताकदीचं, किती वजनाचं, कुठलं पातं. मी काउंटरपाशी उभी. त्यांनी दोघांनी मिळून एक पाठीवरचं मशीन पसंतसुद्धा केलं. मी फोन परत घेतला, पर्समध्ये टाकला आणि काही न घेता बाहेर पडले. राग दुकानदाराचा होता, ह्यांचा होता, की नुसती उभी राहिले म्हणून स्वतःचा, ते मला सांगता येणार नाही.

दोन दिवसांनी पुन्हा गेले. या वेळी फोन घरी ठेवला होता.

"मला एकेक खांद्याला लावून बघायचंय," मी म्हटलं.

पहिलं पाठीवरचं घेतलं. वजन छान विभागलं जात होतं, पण उतारावर पाय घसरला तर पट्टे पटकन सुटेनात. नको. बॅटरीवरचं हलकं होतं, आवाजही कमी. पण बॅटरी किती वेळ चालते असं विचारल्यावर दुकानदार गडबडला. शिवाय आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. मग खांद्याला एका पट्ट्याने अडकवायची दोन दाखवली. एकात पेट्रोल आणि ऑइल वेगवेगळं घालायचं, मिसळायची कटकट नाही, पण ते जड. दुसऱ्यात मोजून मिसळायचं, पण ते माझ्या अंगाला झेपत होतं. दोन्ही अडकवून मी दुकानामागच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारल्या. येणारी-जाणारी माणसं बघत होती. बघू देत.

"ह्या दोनातलं हलकं द्या," मी म्हटलं. "आणि सोबत गरगर फिरणाऱ्या नायलॉनच्या दोरीचं डोकं. नुसतं पातं नको."

"वहिनी, पात्याने काम झपाट्याने होतं."

"दगड तुमच्याकडे नाहीत, माझ्याकडे आहेत."

तो हसला आणि पातं, दोरी, दोन्ही दिलं.

पहिल्या दिवशी ह्यांची जुनी जीन्स, डोळ्यांना चष्मा, कानात कापूस. पातं लावून झुडपं कापायला घेतली, तर दहाव्या मिनिटाला दगडावर आपटून ठिणगी उडाली आणि मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. दोरी लावल्यावर जमायला लागलं. गवत आडवं पडत होतं, मागे वळून पाहिलं की जमीन दिसत होती. मला घाई सुटली. जेवायलाही थांबवेना.

त्या घाईतच तिसऱ्या दिवशी दोरी एका नव्या कलमाच्या खोडाला लागली. क्षणभरच. मशीन बंद करून वाकून पाहिलं, तर तीन बोटं रुंद साल गोल निघाली होती, आतलं पांढरं ओलं लाकूड दिसत होतं. तिथेच बसले. मग शेण-माती कालवून आणली आणि खोडाला लिंपली.

सासूबाई केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. मला वाटलं, आता बोलतील.

"मशीनला काय डोळं असतत?" त्या म्हणाल्या. "खोडाजवळ इळाच घालायचा, गो."

त्यांनी घरातून दोन विळे आणले. गुडघे दुखत असताना खाली बसून त्यांनी माझ्याबरोबर उरलेल्या अकरा कलमांभोवती गोल गवत काढलं. मधली जागा मग मी मशीनने कापली. नवव्या दिवशी बाग मोकळी झाली. ते एक कलम मात्र जगलं नाही. पानं खाली लोंबली, तपकिरी झाली, आणि मी ते उपटून टाकलं.

दिवाळीला हे आले. पहिल्याच सकाळी मशीन खांद्याला लावून काजूत पुन्हा उगवलेलं गवत कापायला उतरले. पाव तासात वर आले, शर्ट घामाने भिजलेला. गडग्यावर बसून त्यांनी सगळ्या बागेवर नजर फिरवली.

"एवढं सगळं तू केलंस?"

"आईंनी आणि मी."

मग मान खाली घालून म्हणाले, "कारखान्यात माणसं कमी करतायत. शिमग्याला कायमचाच येईन म्हणतो."

हे वाक्य ऐकायची मी चौदा वर्षं वाट पाहिली होती. "या ना," मी म्हटलं, आणि ते मनापासूनच म्हटलं. पण त्यांच्या शेजारी बसायचं सोडून मी उठले. खालच्या अंगाला काही काम नव्हतं, तरी उतरत गेले. कुठलं तरी काजूचं झाड धरून उभी राहिले, तेव्हा कळलं की मला आनंद झालाय आणि आता मशीन कोण चालवणार अशी भीतीही वाटतेय, आणि त्यातलं आधी काय आलं ते मी ह्यांना कधीच सांगणार नाही.