खांद्यावरचे लाल टाके

रफूताईच्या दुकानातून माणसं समाधानानं बाहेर पडायची, आणि नेमकं तेच तिचं दुखणं होतं.

जिन्याखालची जागा, एक टेबल, एक दिवा आणि त्यावर वाकलेली ती. सिगरेटनं भाजलेली पँट, कसरीनं खाल्लेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली बाही, सगळं तिच्याकडं यायचं. कापडाच्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे उपसायचे आणि भोकावर एकेक करून विणायचे. काम झालं की भोक कुठं होतं ते खुद्द मालकाला सापडायचं नाही. वस्तू परत देताना ती बजावायची, "ओढाताण करू नका. रफू नजरेला फसवतं, ओझ्याला नाही."

एका गृहस्थानं तर कोट उलटासुलटा करून विचारलं होतं, "बाई, तुम्ही नक्की काही केलंय का? की आधीपासूनच चांगला होता?"

"चांगलाच होता," ती म्हणाली. "तुम्हीच उगाच फाटक्या मनानं आलात."

गृहस्थ हसत गेले. ती मात्र दिवसभर धुमसत राहिली. कुणीतरी एकदा, फक्त एकदा, तिच्या कामावर बोट ठेवून "वा!" म्हणावं, एवढीच तिची आस. पण बोट ठेवायला जागाच दिसत नाही, ही तर तिची कारागिरी!

आणि धाकटी बहीण? ती बंद पडलेल्या थिएटरच्या पायऱ्यांवर अकॉर्डियन वाजवत गायची. अंगात वडिलांचा जुना राखाडी कोट. कोपरावर पडद्याचा तुकडा, खिशावर छत्रीचं कापड, पाठीवर उशीच्या अभ्र्याचं भलंमोठं फूल. टाके लाल दोऱ्याचे, आणि असे की दारू प्यालेली मुंगी चालत गेली असावी. त्या ठिगळांवर अख्खी गल्ली फिदा.

एके दुपारी दोन मुली दुकानात आल्या. "त्या गाणाऱ्या ताईंच्या कोटासारखं ठिगळ लावून द्याल?"

"फाटलंय कुठं?"

"फाटलं नाहीये. तुम्ही आधी फाडा, मग लावा."

रफूताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "इथं रफू होतं. सर्कस पलीकडं, पायऱ्यांवर."

घरी यावं तर नवरा दाढी करताना धाकटीचंच गाणं शिट्टीवर वाजवतोय.

"दुसरं काही येत नाही का हो?"

"अगं, तोंडात बसलंय."

"मग चूळ भरा!"

अशात एका सकाळी धाकटीनं तोच कोट आणून टेबलावर टाकला. "ताई, खांद्याचं ठिगळ सुटलंय बघ. अकॉर्डियनचा पट्टा घासतो ना. चार टाके मार, संध्याकाळी नेते."

ती गेली. रफूताई कोटाकडं बघत बसली. मग कात्री उचलली आणि खांद्याचंच काय, सगळी ठिगळं उसवली. लाल दोरा तेवढा टाकवेना. तो गुंडाळून एप्रनच्या खिशात ठेवला. आज बघूच, ठिगळं गेल्यावर बयेकडं कोण ढुंकून बघतं ते! जेवणही विसरून तिनं कोटाच्या दुमडीतले धागे उपसले, विणले. संध्याकाळी कोट असा झाला, जणू वडिलांनी कालच दुकानातून आणलाय.

धाकटीनं तो चढवला आणि आरशात बघून कोपर, खिसा चाचपू लागली.

"माझी ठिगळं?"

"कोट नवा करून दिला, तर वर मलाच विचारतेस?"

"बाबा दिसले गं," धाकटी हळूच म्हणाली. "वाटलं, आता ओरडतील, गाणं बंद कर म्हणून."

ती पायऱ्यांकडं निघाली. दुकान बंद करून रफूताई मागोमाग गेली आणि दिव्याच्या खांबाआड उभी राहिली.

गाणं सुरू झालं आणि लोक थांबले. रोजच्यासारखेच. कोटाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ठिगळं कुठं गेली म्हणून नाही, रफू किती बेमालूम म्हणूनही नाही. सगळे नुसते तिच्या तोंडाकडं बघत होते. इतके दिवस रफूताईच्या मत्सराला धरायला कोटाची बाही तरी होती. आता तीही सुटली.

तेवढ्यात चर्रर्र! पट्ट्याच्या ओझ्यानं खांदा उसवला. अकॉर्डियन एका बाजूला कललं, सूर भेसूर झाला, लोक हसले. ज्याला त्याला बजावत आलेलं ओझ्याचं वाक्य रफूताई स्वतःच विसरली होती.

"ताई!" धाकटीनं हाक मारली. "खांबामागून पुढं ये. मघापासून दिसतेयस. सुई आहे ना?"

सुई कॉलरला टोचलेली होतीच. सगळ्यांसमोर ती पायऱ्या चढली, अंगातल्या एप्रनचा जाड खिसा टरकावून काढला, खांद्यावर ठेवला आणि तोच लाल दोरा ओवला.

"हलू नकोस."

"मी कुठं हलतेय? गाणं हलतंय." धाकटीचे सूर हळू आवाजात चालूच होते.

"तोंड बंद ठेव."

"मग गाणार कोण? तू?"

लोक खो खो हसले. रफूताईच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण सुई चालत राहिली. सरळ, घट्ट, एकसारखे टाके. गर्दीतून त्या दोन मुलींपैकी एक वाकून पुढं आली आणि खांद्यावर बोट ठेवून म्हणाली, "वा! काय टाके आहेत!"

गाणं संपलं. टाळ्या पडल्या.

परतताना रफूताई उरलेला लाल दोरा बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "टाळ्या कशाला होत्या गं?"

"गाण्याला, ताई."

"हं."

"थोड्या टाक्यांना."

"थोड्या म्हणजे किती?"



दुसऱ्या दिवशी त्या दोन मुली पुन्हा दुकानात हजर. रफूताईनं कात्री त्यांच्याकडं सरकवली. "फाडायचं तुम्ही. मी फक्त शिवणार. आणि दोरा लाल मिळायचा नाही, तो तिचा. माझा पिवळा."