पडद्याच्या मोटारीतला दिवा

माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकायची हौस आहे ना तुम्हाला? ऐका मग! पण हसायचं बेतानं, चहा सांडेल.

पोलीस ॲक्शन होऊन गेली होती, जहागिऱ्या बुडाल्या होत्या आणि हैदराबादेतले नवाब मोटारी विकत सुटले होते. बरकतपुऱ्यातल्या एका वकीलसाहेबांनी अशीच एक मोटार घेतली. नवाबाच्या जनान्याची! मागच्या खिडक्यांना जाड मखमली पडदे, ड्रायव्हर आणि बायका यांच्यामध्ये लाकडी फळी, आणि बायकांनी एकाच बाजूने उतरावं म्हणून पलीकडचं दार कायमचं ठोकून टाकलेलं.

मोटारीबरोबर नवाबाचे ड्रायव्हर ख्वाजामियाँही आले. वकिलीणबाई पडदा पाळत नव्हत्या, पण ख्वाजामियाँ पाळायचे! मागे वळून बघणार नाहीत, दाराला हात लावणार नाहीत. फळीवर एकदा ठोकलं की थांबा, दोनदा ठोकलं की चला. बस्स.

आणि मी? काचीगुड्याच्या शाळेत सायन्सचा मास्तर. वकीलसाहेबांची मुलगी सुमन बघायला आलो होतो. तोवर इतके नकार आले होते की आई देव पाण्यात घालून बसली होती.

मुलगी घरात नव्हती. जामबागेत हळदीकुंकवाला गेली होती, आणि तिला आणायला वकिलीणबाई मोटारीने निघायच्या होत्या. तोवर वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, मोटारीतला दिवा बघता का जरा? दार उघडलं की लागतो, पण लावलं तरी विझत नाही. रोज सकाळी बॅटरी बसलेली, आणि अख्खी गल्ली मोटार ढकलते!"

"हात्तिच्या! पाच मिनिटांचं काम!"

आयुष्यात मी मोटारीत बसलो नव्हतो. पण ते सांगायची ही वेळ होती का? तुम्हीच सांगा!

कोट काढला, बाह्या सरसावल्या. दार उघडलं, दिवा लागला. दार लावायला गेलो तर ख्वाजामियाँ कळवळले, "आहिस्ता मियाँ! दरवाजा है, दुश्मन नहीं! नवाबसाब के घर में आवाज नहीं होती थी!"

अलगद लावलं. दिवा तसाच! म्हटलं, वायर दाराच्या आत बिघडली असणार. ख्वाजामियाँ चहाला गेले, वकीलसाहेब कंटाळून घरात गेले. मी आत बसलो, पडदे ओढले, दार अलगद लावून घेतलं आणि आतलं हँडल खोललं. काच खाली करायचं हँडलही खोललं. आत वायर? छे! धुळीशिवाय काही नव्हतं.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. अरे, आता दार उघडायचं कशाने? हँडल परत बसेना, स्क्रू सीटखाली गडप!

तेवढ्यात पुढची सीट करकरली. ख्वाजामियाँ आले! मी आनंदाने फळीवर ठोकलं, टक टक!

मोटार निघाली की हो!

कोठीच्या चौकात मला शहाणपण सुचलं. एकदाच ठोकलं. मोटार थांबली. हुश्श! पण ख्वाजामियाँ उतरले ते माझ्याकडे पाठ करून उभे. फटीतून बघतो तर पोलीसही अदबीने तोंड फिरवून उभा, पानवालाही! ओरडू? जनानी मोटारीतून पुरुषाचा आवाज? भर कोठीत? चामडी लोळवली असती माझी!

"हुकुम, बेगमसाब?" ख्वाजामियाँनी विचारलं.

आता काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. नाक चिमटीत धरून बायकी आवाजात म्हणालो, "कुछ नक्को… चलो!"

"सर्दी हुई है बेगमसाब को," ख्वाजामियाँनी पोलिसाला काळजीने सांगितलं.

जामबाग आलं. बाहेर बांगड्यांची किणकिण, हसणं-खिदळणं. कुणीतरी दार उघडलं. "आई, किती गं उशीर…"

सुमन! केसांत गजरा, हातात प्रसादाची पुडी. आणि समोर मी. दिव्याच्या लख्ख उजेडात! कोट नाही, तोंडाला धूळ, दोन्ही हातांत एकेक हँडल.

"नमस्कार," मी म्हणालो, "मी आपल्याला बघायला आलोय."

ती किंचाळली. आणि दार असं आपटलं, असं आपटलं, की मोटार मुळापासून हादरली. धाडकन!

आणि दिवा विझला.

अहो, खरंच विझला! जुनं सैल दार, त्याला जोर लागायचा. पण नवाबाच्या मोटारीचं दार जोरात लावायची कुणाची छाती? अलगद लावलेलं दार अर्ध्या खटक्यावरच अडकायचं, पुरतं बसायचं नाही, चौकटीतलं बटण दाबलं जायचं नाही. बिघाड कसला, नुसती तहजीब!

मी काळोखात "विझला! विझला!" म्हणून नाचतोय, बाहेर बायका "चोर! चोर!" म्हणून ओरडतायत, आणि ख्वाजामियाँ कपाळ बडवतायत, "या अल्ला! बेगमसाब कहाँ गए?"

संध्याकाळी वकीलसाहेबांच्या बैठकीत मी मान खाली घालून बसलो होतो. गेलं हेही स्थळ! खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं. कारण मुलगी मला फार आवडली होती.

वकीलसाहेबांनी घसा खाकरला. "सुमन, मुलगा नीट बघितलास ना? काय ते स्पष्ट सांग."

"बघितला, बाबा," ती पदराआड हसत म्हणाली. "उजेडात नको वाटला. पण दिवा विझल्यावर बरा वाटला!"