जप्त केलेली समई

नोकरीतल्या कितीतरी फायली विसरलो, पण ती कमरेएवढी पितळी समई अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. कुंभकोणमला मी उपनिरीक्षक होतो. घरी तंजावरची जुनी मराठी, ठाण्यात तमिळ, आणि चिडलो की दोन्ही एकदम. चिडायचोही फार.

गावाबाहेर नवीन करमणूक उद्यान निघालं होतं. पाळणे, कारंजी, खेळण्यातली आगगाडी. तिथे एका रविवारी सकाळी धावण्याच्या आणि चालण्याच्या शर्यती झाल्या. बायकांच्या चालण्यात पहिली आली नाचियार्कोविलची एक बाई. तिथल्या कारखान्यात समया घासून चकचकीत करणं हे तिचं काम, आणि बक्षीस होतं समईचंच.

दुसऱ्या दिवशी उद्यानाचा व्यवस्थापक तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात हजर. "सर, बाईने फसवलं. उद्यानाच्या मागच्या टोकाला आमचा माणूस प्रत्येकीचा नंबर लिहून घेत होता. हिचा नंबरच नाही. मधूनच वळून आली." त्याच दुपारी निनावी फोनही आला, की ती बाई आगगाडीत बसली होती. झालं! मला वाटलं, प्रकरण सरळ आहे.

हवालदाराला घेऊन मी तिच्या घरी गेलो. पंचनामा केला, समई उचलली. बाई रडली नाही. पदराने समईवरचे माझ्या बोटांचे डाग पुसले आणि म्हणाली, "अय्या," म्हणजे साहेब, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या समया घासल्या. दहा दिवसांनी मुलीचं लग्न आहे. ही तिच्याबरोबर सासरी जायची होती. आता चोरीची समई म्हणतील, आणि मुलीलाही ऐकवतील."

ठाण्यात तिचा जबाब घेतला. चांगलं तासभर उलटसुलट विचारलं, आवाजही चढवला.

"नंबर लिहिणारा माणूस दिसला?"

"नाही अय्या."

"मग मागपर्यंत गेलीसच नाहीस!"

"गेले. पिळ्ळैयारला हात जोडला, पुढे आले."

पिळ्ळैयार म्हणजे आपला गणपती. उद्यानाच्या मागच्या टोकाला रस्त्याच्या मधोमध त्याचा मोठा चौथरा होता, भोवती दाट झुडपं. रस्ता तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी जायचा आणि पलीकडे एक व्हायचा. तिचं उत्तर मी लिहून घेतलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

आगगाडीच्या चालकाला बोलावलं. तो हसायलाच लागला. "सर, गाडी शनिवारपासून बंद आहे. पट्टा तुटलाय." म्हणजे फोन खोटा. तो कोणी केला हे कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधलंही नाही.

मग मी ती नंबरांची वही मागवली. व्यवस्थापकाने तिच्यात फक्त विजेतीचा नंबर शोधला होता. मी सगळी वही शर्यतीच्या यादीशी ताडून पाहिली. आणखी अकरा नंबर नव्हते! अकराही बायका इन्नंबूर, तिरुप्पनंदाळ अशा आसपासच्या गावांकडच्या, जुन्या वळणाच्या, आणि कोणी पंधरावी आली होती, कोणी शेवटची. शेवटची यायला कोणी फसवतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकाला म्हटलं, "चला, तुमची वाट चालून दाखवा." हवालदार टेप घेऊन मागे. चौथऱ्यापाशी भला मोठा बाण होता, उजवीकडे वळा असं सांगणारा. शर्यतीच्या दिवशी उजव्या अंगालाच तो नंबर लिहिणारा बसला होता. व्यवस्थापक बोलत बोलत पुढे आला, मूर्ती दिसताच तिकडच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही मुठींनी कपाळावर टकटक केलं आणि सरळ डावीकडून निघाला, देवाला आपल्या उजव्या हाताला ठेवून.

मी बाणाखाली उभा राहून ओरडलो, "अहो, तुमचा बाण इकडे आहे!"

तो जागच्या जागी थांबला. बाणाकडे पाहिलं, पिळ्ळैयारकडे पाहिलं, आणि कान पकडले. "सर, हा बाण मीच लावला. पण देवाला डावं घालून कोण जातं?"

"तेच तर! त्या बाराही जणी अशाच डावीकडून गेल्या. तुमच्या माणसाला झुडपांमुळे पलीकडचं काय दिसणार?"

हवालदाराने दोन्ही बाजू मोजल्या. अंतर बोटभरही कमीजास्त नव्हतं. मला इतका आनंद झाला, की वर्दीत असूनही मी त्या हवालदाराला मिठी मारली.

तक्रार मागे घेतली गेली. मी व्यवस्थापकाला सोडलं नाही. समई त्यानेच उद्यानाच्या जीपमधून, वाजंत्री लावून, नाचियार्कोविलच्या भर बाजारातून बाईच्या दारात नेली. कारखान्यातल्या बायका हातातलं काम टाकून धावत आल्या. मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांनाही मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. सगळ्यांसमोर मी बाईची माफी मागितली. तिने पुन्हा पदर घेतला, समई पुसली आणि म्हणाली, "अय्या, पहिली वात तुम्ही लावा." मी टोपी काढून ठेवली आणि वाकून वात लावली.

त्या दिवसापासून मी एक नेम केला. माणूस खोटं का बोलतोय हे शोधण्याआधी, तो रोज कसा वागतो हे विचारायचं. बाईने पहिल्याच तासात खरं सांगितलं होतं. ऐकणारा कमी पडला.

पुढच्या वर्षी उद्यानाने बाण डावीकडे फिरवला आणि वहीवाल्यालाही तिकडेच बसवलं. शर्यत संपल्यावर मी ती वही मागून घेतली. पहिल्याच ओळीवर तिचा नंबर होता.