नात्याबाहेरचा मुक्काम

यवतमाळच्या साप्ताहिकात मी बातमीदार म्हणून लागलो, तेव्हा संपादकांनी पहिली सूचना बातमीविषयी दिली नाही, मुक्कामाविषयी दिली. गावात उतरलास की आधी रात्रीची जागा बघ, मग माणसं भेट. जागा नसलेला बातमीदार दुपारपासूनच परतीच्या मोटारीची चौकशी करू लागतो आणि त्याच्या मजकुरात ते दिसतं, असं ते म्हणत. सूचना बरोबर होती. जागा मागितली तर मिळेल की नाही, हा प्रश्न ती देताना त्यांच्या मनात नव्हता. माझ्या मनात होता.

आमच्या घरानं १९५६ साली बौद्ध धर्म स्वीकारला. त्याआधी आमच्या लोकांना मुक्कामाची निवड करावी लागत नसे. कुठल्याही गावाला गेलं तरी गावाच्या कडेला आपली वस्ती असे, तिथे कोणी ना कोणी नात्याचं निघे, आणि नसलंच तर एका संध्याकाळच्या गप्पांत नातं काढता येई. भाकर मिळे, घोंगडी मिळे. त्या पाहुणचारात काही उणं नव्हतं. पण दुसरी कुठलीही जागा विचारायची नाही, हे त्यात गृहीत असे. धर्मांतरानंतर मी स्वतःपुरता एक नियम केला. गावात जी जागा सगळ्यांसाठी म्हणून बांधलेली आहे, ती आधी मागायची. वस्तीत भेटायला जायचं, जेवायलाही जायचं, पण उतरायचं तिथे नाही.

जिल्हा एक असला तरी मुक्कामाच्या रीती भागाभागात वेगळ्या होत्या. वणीकडच्या जंगलात कोलामांच्या पोडावर प्रश्न सोपा होता. वस्तीच्या मधोमध चावडी असे, पाहुण्यानं तिथे पडायचं. पुसदकडच्या तांड्यांवर नायक आधी चौकशी करी आणि बाज टाकायची की नाही ते नंतर ठरवी. सरकारी विश्रामगृह साहेबांसाठी राखलेलं असे, साहेब येणार नसले तरी. देवळाची ओवरी मी आपणहून सोडली होती. राहिली धर्मशाळा.

धर्मशाळेत कोणी जात विचारत नसे. गाव विचारत आणि आडनाव विचारत, तेवढ्यात काम होई. निदान रखवालदाराला तसं वाटे. आमच्या भागात पुष्कळ आडनावं कुणब्यांत आणि आमच्यात सारखीच आहेत. मग रखवालदार कपडे पाही, बोलणं ऐके आणि आपल्या मनाशी ठरवी. माझे कपडे इस्त्रीचे असत आणि बोलणं छापील. बहुतेक वेळा खोली मिळे. त्याच्या मनात काय ठरलं ते मी विचारत नसे.

राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. कापसाचा हंगाम सुरू झाला होता आणि महागावच्या बाजारावर मजकूर हवा होता. महागाव तेव्हा तालुका झालेलं नव्हतं, पण आसपासच्या गावांच्या बैलगाड्या तिथे येत. मी निघालो तशी आई म्हणाली, "तू गावोगाव हिंडतं. मलेबी एक डाव ने."

"कोणाकडे जायचं आहे?"

"कोणाकडेच नाही." ती भांडी आवरत होती. "आजवर मी जिथं निजली तिथं कोणाची बहीण होऊन निजली, कोणाची मावशी होऊन निजली. सकाळी उठून त्याहीचं आंगण सारवलं, भाकरी टाकल्या. मले एक डाव वाटसरू होऊन राह्याचं हाय. उठल्यावर कोणाचंच सारवाचं नाही."

वडील गेलेले, बहिणींची लग्नं झालेली. तिला न नेण्याचं कारण माझ्याकडे नव्हतं. तिचे वडील त्यांच्या गावचे कोतवाल होते. दौऱ्यावर आलेल्या साहेबाची बाज उचलून नेणं, जागा झाडून देणं, पाण्याची सोय करणं हे त्यांचं काम. मुक्कामाच्या जागा तिनं लहानपणापासून पाहिल्या होत्या, पण सगळ्या अंगणातून.

महागावची धर्मशाळा एका व्यापारी कुटुंबानं बांधलेली होती. दगडी जोतं, समोर लांब ओटा, मागे खोल्या, अंगणात विहीर आणि एका कोपऱ्यात भांड्यांची कोठी. रखवालदार म्हातारा होता. डोक्याला बांधलेला रुमाल कानांवर ओढलेला.

"कोणतं गाव?"

मी सांगितलं.

"आडनाव?"

तेही सांगितलं.

"कापूस आणला का?"

"नाही. पेपरात लिहितो. बाजार बघायला आलो."

"मंग आमच्या इहिरीचंबी लिहा. गाळ काढाले कोणी पाहून नाही राह्यलं. सालं बेडकं येतात पोहऱ्यात."

त्यानं कोपऱ्यातली खोली उघडून दिली. भांडी उसनी मिळत, त्यासाठी काही तरी ठेवावं लागे. मी छत्री दिली. त्यानं ती हातातून घेतली आणि कोठीतून पातेल्यासारखा पितळेचा गंज, परात, गडवा आणि लोखंडी तवा काढून आईच्या हातात दिला. पितळेच्या प्रत्येक भांड्यावर त्या व्यापाऱ्याच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं. कोठीत तशाच गंजांची उतरंड होती, सगळे एका मापाचे, एकदमच आणलेले.

आईनं विहिरीवर जाऊन पाणी काढलं. तिला कोणी अडवलं नाही. तुरीचं वरण आणि ज्वारीच्या भाकरी करून ती ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, भिंतीला पाठ लावून जेवली. अंथरुणावर पडल्यावर म्हणाली, "बरं हाय. कोणी पाय दाबून मागून नाही राह्यलं."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून परत आलो तेव्हा अंगणात एक नवी गाडी सुटली होती. गाडीवान पन्नाशीचा शेतकरी, बैलांना पाणी दाखवायला विहिरीकडे निघालेला. ओट्याजवळ तो थबकला. आई परातीत पीठ मळत होती.

"काय वो बाई, तू आमच्या गावच्या कोतवालाची पोरगी ना?"

ती नाही म्हणू शकली असती. लग्नानंतर ती त्या गावात क्वचितच गेली होती.

"हो. बरं वळखलं, पाटील."

"वळखीन नाही तं काय. नाक सारं बापाचं हाय." मग त्यानं परातीकडे पाहिलं. "इथं कशी काय?"

"तुमी जशे. मुक्कामाले."

त्यानं बैलांना पाणी पाजलं, खुंट्याला बांधलं, आणि रखवालदाराकडे गेला. त्यानं ते वाईट बुद्धीनं सांगितलं असं मला वाटत नाही. संध्याकाळी त्यालाही त्याच कोठीतली भांडी घ्यायची होती.

रखवालदार आला तो आवाज खाली ठेवून.

"तुमी सांगतलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही," मी म्हणालो. "आडनाव विचारलंत, ते सांगितलं."

"आडनावावरून मले वाटलं..." तो कोठीकडे पाहत म्हणाला, "आता मालकाले समजलं तं मले काढून टाकीन."

अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवणारा कायदा होऊन तोवर काही वर्षं झाली होती. मी त्याविषयी साप्ताहिकात लिहिलं होतं. ते बोलायला तोंड उघडलं, तेव्हा आईनं पिठाचा हात वर केला. "तुहा कायदा राहू दे पिशवीत. मले बोलू दे." मग त्याला म्हणाली, "काय म्हणता, बुवा?"

"सांजच्या मोटारीनं निघून जा, बाई. कोणी काही म्हणणार नाही."

"आमचं सकाळच्या मोटारीचं ठरलं हाय."

"मंग अंगणात निजा. मी तुमाले बाज काढून देतो."

"अंगण मले म्हाईत हाय. खोली नवीन हाय. खोलीतच निजतो."

म्हाताऱ्यानं मग शेवटचा तोडगा काढला. त्याच्या दृष्टीनं तो उदार होता, आणि रीतीलाही धरून होता. आमचा हात लागलेलं भांडं एक तर विस्तवातून काढायचं, नाही तर ज्याचा हात लागला त्याला देऊन टाकायचं.

"बरं, राहा. पण जातानी ती भांडी घेऊन जा. परत कोठीत नोका ठेवू. तुमचीच समजा."

"दान देऊन राह्यले का?"

"दान समजा."

"दान घ्याले मी आली नाही. भांडी धर्मशाळेची हायेत, मी उसनी घेतली. उसनं परत करतात." तिनं पुन्हा पीठ मळायला घेतलं. "अन् सकाळी माही छत्री तयार ठेवा."

ती रात्र आम्ही खोलीतच काढली. गाडीवानानं आपली भाकर गाडीखाली बसून खाल्ली. कोठीतून काही घेतलं नाही.

सकाळी आईनं भांडी विहिरीवर नेऊन राखेनं घासली. मी म्हणालो, ओट्यावर ठेवू आणि निघू. तिनं ऐकलं नाही. ओली भांडी घेऊन ती सरळ कोठीत शिरली. रखवालदार मागोमाग दारापर्यंत आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. आत तिच्याजवळ जाणं त्याला जमत नव्हतं. आत भांड्यांचा आवाज होत होता. ती नुसती भांडी ठेवत नव्हती. तिनं गंजांची उतरंड उतरवली, पराती आणि गडवे जागचे हलवले, आमची भांडी पदरानं कोरडी केली, आणि सगळी मिळून नव्यानं रचली. बाहेर आली तेव्हा दोन्ही हात रिकामे होते.

"बाई," म्हातारा म्हणाला, "तुमचा गंज कोणचा?"

"माहा कायचा? सारे त्या शेटच्या बापाचे हायेत. नाव कोरलं हाय, वाचून घ्या."

गाडीवान बैल जुंपत होता. तो हसला. "आता हुडक, बुढ्या."

"तू कायले हासतं? तूच तं सांगतलं मले."

"म्या सांगतलं कोणाची पोरगी हाय ते. कोठी तुही हाय." बैलाच्या मानेवर जू टेकवत तो पुढे म्हणाला, "मी तं पुढच्या डावी गंज घरूनच आणीन बा."

रखवालदाराची अडचण मला दिसत होती. सगळं पितळ विस्तवातून काढायचं तर मालकाला कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं तर खोली आपणच उघडून दिली, हेही सांगावं लागणार. त्यानं छत्री आणली आणि ओट्याच्या कडेला ठेवली. आलो त्या दिवशी त्यानं ती माझ्या हातातून घेतली होती. मी उचलायला वाकलो, तर आईनं दंड धरला.

"हातात द्या," ती त्याला म्हणाली.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. अंगणात गाडीवानाखेरीज कोणी नव्हतं. त्यानं छत्री उचलून तिच्या हातात दिली. आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा फुलसावंगीकडून आलेलं एक कुटुंब गाठोडी घेऊन वर चढत होतं. त्यातली बाई स्वयंपाकाला भांडी मागत होती. म्हातारा कोठीच्या दारात उभा राहिला, मग आत गेला आणि उतरंडीवरचा पहिला गंज काढून त्यानं तिच्या हातात दिला.

मोटारीत मला समाधान वाटत होतं. आईला वाटत नव्हतं. ती बाहेरच्या कापसाच्या पऱ्हाटीकडे पाहत होती. मग म्हणाली, "त्यानं आपल्याले चुकून ठेवलं."

"आपण काही लपवलं नाही."

"नाही लपवलं. पण तो चुकला म्हणून आपल्याले जागा भेटली. म्हाईत असतं तं दिली नसती." मग तिनं विचारलं, "पुढं कुठं जातं तू?"

पुढचा मजकूर मुकुटबनचा होता, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा. हंगाम संपत आला होता तेव्हा आम्ही गेलो. तिथल्या धर्मशाळेचा रखवालदार तरुण होता, पान खाणारा. त्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणतं गाव?" मी उत्तर देण्याआधी आई पायरीवर चढली.

"गाव मंग सांगतो. आमी बौद्ध हावो. जागा हाय का?"

त्यानं पानाची पिंक टाकायला वेळ घेतला. "जागा नाही. साऱ्या खोल्या भरल्या."

"कोण हाय आत?"

"हायेत माणसं."

"बरं," आई म्हणाली. "रिकामी होईल तवा सांगजा." आणि ती तिथेच पायरीवर बसली, गाठोडं मांडीवर घेऊन. रखवालदार माझ्याकडे वळला. "काहो, तुमी तं शिकलेले दिसता. वस्तीत तुमचे लोक हायेत ना? कायले तरास करून घेता?"

मी तिच्या शेजारी बसलो.

माझं त्या दिवशीचं काम झालं नाही. बाजारातली माणसं येत-जात होती. पायरी अरुंद होती, प्रत्येकाला आमच्याकडे पाहून, बाजूनं चढावं लागे. काहींनी विचारलं, बाई इथं का बसली. ती प्रत्येकाला तेच सांगत होती, त्याच आवाजात: "आमी बौद्ध हावो. जागेसाठी बसलो." दुपारी वस्तीतल्या दोन बाया भाकर घेऊन आल्या आणि घरी चला म्हणाल्या. आईनं भाकर घेतली. "उद्या येतो जेवाले," म्हणाली. "निजाले नाही." त्या बायाही थोडा वेळ खालच्या पायरीवर बसल्या. तसा रखवालदार आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

ऊन कलल्यावर त्यानं येऊन सांगितलं की एक खोली रिकामी झाली. दिवसभरात त्या दारातून गाठोडं घेऊन कोणी बाहेर पडलेलं नव्हतं. आईनं त्याविषयी काही विचारलं नाही. ती उठली, आखडलेले गुडघे चोळले, आणि त्याच्यापुढे हात केला.

"किल्ली," ती म्हणाली. "अन् गंज द्या एक. भाकर हाय, वरण टाकाचं हाय."