कुंदावहिनी आणि मराठी दाखवणारं कार्ड

सकाळी सातला दादाचा फोन आला. दादा एरवी फोन करत नाही, त्यामुळे पडद्यावर त्याचं नाव दिसताच मी उठून बसलो. "कुंदा गेली रे," तो म्हणाला. मागे कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज येत होता. "तू येतोस ना?" एवढं विचारून त्याने फोन ठेवला. मुंबईहून रत्नागिरी गाठेपर्यंत मी गाडीत एकच काम करत होतो. वहिनींच्या आठवणी लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं, याची जुळवाजुळव. त्यांच्या हातचं मोदकाचं सारण, त्यांचं पाठांतर, वगैरे. जे सांगायला हवं ते सोडून बाकी सगळं सांगण्यात मी तरबेज आहे. त्या गोष्टीला आता पाच आठवडे झाले, आणि ती जुळवाजुळव काही कामाची नाही असं माझ्या लक्षात आलंय.

वहिनी मूळच्या चिपळूणच्या. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेल्या, लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवलेलं. आमच्या घरी आल्या आणि अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आंब्याच्या धंद्यात ओढल्या गेल्या. अण्णांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एक कॉम्प्युटर घेतला होता. आमच्या भागात तेव्हा ही चैनच. तो आमच्या आंब्याच्या कारखान्याच्या माडीवर ठेवला होता. मिरकरवाड्याच्या बंदराकडून येणारा खारा वारा आत येऊ नये म्हणून खिडक्या कायम बंद, टेबलाखाली दमटपणा मारायला चाळीसचा बल्ब रात्रंदिवस पेटलेला, आणि चपला जिन्याखाली काढून वर जायचं. त्या खोलीत अर्धा तास बसलं की जीव घुसमटायचा. वहिनी तिथे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बसत. आंब्याच्या पेट्यांची गिऱ्हाइकांना जाणारी पत्रं त्याच लिहीत, पण इंग्रजीत, कारण त्या मशीनला फक्त इंग्रजी अक्षरं दाखवता यायची. गिऱ्हाईकं मराठी, आंबा आमचा, आणि पत्र मात्र 'डिअर सर'. अण्णांना ते भारी झोंबायचं.

त्याच सुमाराला गावातल्या एका संस्थेने कॉम्प्युटरचा वर्ग काढायचं ठरवलं आणि शिकवायला माणूस हवा होता. वहिनींनी अर्ज केला, त्यांना बोलावणंही आलं. जूनपासून यायचं. आठ दिवसांनी जेवताना अण्णांनी निकाल दिला. "अगो, जा की. मी काय अडवतोय? पण मशीन मराठी लिहायला लागूं दे, आणि घरातल्या एकाला ते पुरतं येऊं दे. मग खुशाल जा." 'एकाला' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादा बागा सांभाळायचा, तेव्हा उरलो मीच. आणि माझं तर मुंबईला एका मित्राच्या ऑफिसात नोकरीचं जवळपास ठरलं होतं... घरी सांगायचं तेवढं बाकी होतं.

मराठी दाखवायचं तर मशीनच्या आत चित्रं काढू शकणारं दुसरं कार्ड बसवावं लागेल, असं मुंबईच्या दुकानदाराने कळवलं. ते आणायला मीच गेलो. एस.टी.त रात्रभर मांडीवर धरून आणलं, शेजारच्याला टेकूसुद्धा दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि दादाने मशीनचं झाकण उघडलं. अण्णा मागे उभे. जुनं कार्ड काढायला मी स्क्रू पिळला तसे ते ओरडले, "हात नको लावूं त्याला! चालती वस्तू काढून ठेवायची नाय. शेजारी जागा आहे ना? बसव तिथे." आमच्या घरात हा कायदाच होता. नवा पंप आला तरी जुना विहिरीवर तसाच, नवा रेडिओ आला तरी जुना फळीवर तसाच. शिवाय प्रिंटरची वायर जुन्या कार्डालाच जोडलेली, ते काढलं तर छपाई बंद पडेल ही धास्ती. मग नवं शेजारी बसवलं, पडद्याची वायर नव्याला लावली आणि बटण दाबलं. पडदा काळाठिक्कर. आतून एक लांब शिट्टी, पाठोपाठ दोन आखूड.

तीन दिवस आम्ही त्या मशीनच्या मागे लागलो. कार्ड काढून दुसऱ्या खाचेत घातलं, त्याच्या सोनेरी कडा पेन्सिलच्या खोडरबराने घासल्या, पडद्याची वायर परत जुन्याला लावली, बल्ब उचलून आतच धरला. दर वेळी एक लांब, दोन आखूड. दुकानात ट्रंककॉल लावला तर म्हणे, "नीट दाबून बसवा." एवढं दाबलं की माझ्या अंगठ्याला वळ उठले. अण्णा खाली बसून सगळ्यांना सांगत होते की पोराने एस.टी.त आपटलं असणार. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. खरं सांगतो, बिघाड सुटू नये असंच आत कुठेतरी वाटत होतं, कारण तो सुटला की पुढची पाळी माझी होती.

चौथ्या दिवशी अण्णा चिपळूणला गेले. दुपारी मी माडीवर गेलो तर वहिनी कार्डाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन बसलेल्या. "भावोजी, ती शिट्टी म्हणजे पडद्याच्या भागाची तक्रार आहे. आणि कार्ड खराब नाहीये. दोन्ही कार्डांना आत एकच पत्ता दिलाय. एका घरात दोन बिऱ्हाडं, एकच नाव. पोस्टमन पत्र टाकणार कुणाकडे?" मी म्हटलं, "मग?" "मग काय, जुनं काढायचं." मी म्हटलं, "अण्णा..." त्यांनी ऐकलंच नाही. स्क्रू काढला, दोन्ही हातांनी धरून जुनं कार्ड अलगद वर ओढलं आणि वर्तमानपत्रावर ठेवलं. प्रिंटरची वायर लावायला नव्या कार्डाला तशीच जागा होती, ती आम्हा शहाण्यांपैकी कुणी पाहिलीच नव्हती. बटण दाबलं. एकच छोटी शिट्टी, आणि हिरवी अक्षरं वर चढायला लागली. थोड्या वेळाने वहिनींनी कळ शोधत शोधत पडद्यावर मराठीत 'कुंदा' लिहिलं. दोघंही बघत राहिलो. मग त्यांनी ते पटकन पुसून टाकलं, कुणी बघेल म्हणून असेल... आणि हसल्या. इतक्या मोकळेपणी हसताना मी त्यांना त्या खोलीत पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळी अण्णांनी जुनं कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं, गुरगुरले, आणि मराठी पत्र छापून निघाल्यावर ते घेऊन खाली गेले.

उरला मी. वहिनींनी मला पंधरा दिवस शिकवलं. शिकवायची हातोटी त्यांच्या अंगातच होती, एकदाही आवाज चढला नाही. आणि मला ते येत होतं. चांगलंच येत होतं. पंधराव्या दिवशी मी अख्खं पत्र एकही चूक न करता लिहून छापलं, तेव्हा वहिनींनी टाळी वाजवली. "झालं की हो भावोजी!" दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा परीक्षा घ्यायला वर आले. मी बसलो आणि माझ्या मनात एकच विचार होता. आज हे नीट लिहिलं तर उद्यापासून ही बंद खिडक्यांची खोली माझी. मी पहिलीच आज्ञा चुकवली. परत चुकवली. पडद्यावर नुसता कचरा. कपाळावरचा घाम तेवढा खरा होता. वहिनी माझ्या बोटांकडे बघत होत्या. त्यांनी एक शब्द उच्चारला असता, 'काल तर लिहिलंत', तर संपलं होतं. त्या म्हणाल्या, "एवढ्या लवकर कसं यायचं त्यांना..." अण्णा उठले. "नाय जमायचं याला. अगो, तूच बघ आता." जूनमध्ये त्या वर्गावर दुसरं कुणीतरी रुजू झालं. जुलैत मी मुंबईला गेलो. निघताना वहिनींनी प्रवासाला घावनांचा डबा बांधून दिला.

मी त्यांच्याशी याबद्दल कधी बोललो नाही. गणपतीला जायचो, शिमग्याला जायचो, चार दिवस हसूनखेळून परत यायचो. अण्णा गेले, मशीनं बदलली, पण माडीवरून वहिनींची सुटका झाली नाही. मी भित्रा होतो आणि स्वार्थी होतो, आणि माझी सगळी नोकरी, घर, मुंबई त्या सकाळच्या खोट्या चुकांवर उभी आहे. हे मला रोज आठवायचं असंही नाही, तेच जास्त लाजिरवाणं आहे.

तेराव्यानंतर दादा मला माडीवर घेऊन गेला. टेबलापाशी एक लाकडी स्टूल होतं, पाठ नसलेलं, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेलं. कोपऱ्यात फिरती खुर्ची, तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. "ही तिच्यासाठीच घेतली होती," दादा म्हणाला. "पाठ दुखायची तिची. पण बसली नाय कधी. म्हणायची, खुर्ची कशाला, विजयभावोजींना मशीन आलं की मला उठायचंच आहे. इतकी वर्षं हेच. तुझी थट्टा करायची रे..." आणि तो हसला, डोळे पुसत हसला. मी त्याच्यासमोर उभा होतो. तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "हो, करायच्या."

समोर बोलायचं धैर्य माझ्यात नाही, ते आता या वयात यायचंही नाही. पण दादा रविवारची पुरवणी चहाबरोबर घेऊन बसतो आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, म्हणून हे तिथेच छापायला देतोय. दादा, ती थट्टा नव्हती. मला मशीन येत होतं.