ओसरीवरची इंग्रजी

आमच्या माजलगावच्या घरात दोन गोष्टींचा साठा कधी संपला नाही. एक नवसाचे नारळ, आणि दुसरे माझ्या इंग्रजीचे किस्से. नारळ निदान वाटून टाकता येतात. किस्सा ज्याला द्यावा तो त्यात आपली भर घालून परत आणून देतो. म्हणून म्हटलं, आपणच लिहावेत. फजिती माझी आहे, तर ती माझ्या हातची तरी असावी.

इंग्रजीच्या वाटेला मी गेले ती यमूसाठी. यमू आमची थोरली. गावातली शाळा संपवून घरी बसलेली. पुढची मुलींची शाळा औरंगाबादेला, तिथंच राहून शिकायचं. तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य, आणि आमचे हे तहसील कचेरीत कारकून. दिवसभर उर्दूत लिहायचे आणि घरी येऊन मराठीत रागवायचे. यमूला पाठवू या म्हटलं तर म्हणाले, "त्या शाळेची मडम थंडीत दौऱ्यावर येती. आईबापाला बघून मग पोरीला घेती. मला इंग्रजी येत न्हाई. तू बोल तिच्याशी. ती हो म्हनली तर मी न्हाई म्हननार न्हाई."

त्यांना वाटलं, विषय मिटला.

गावातल्या मुलींच्या शाळेवर सगुणाबाई होत्या, मिशनात शिकलेल्या. त्या दुपारच्या आमच्या ओसरीवर यायला लागल्या. माझ्या सोबतीला शेजारच्या देशमुखीणकाकू. काकूंना इंग्रजी नको होतं. त्यांना माझी फजिती जवळून बघायची होती.

*

सगुणाबाईंची पद्धत न्यारी. पुस्तक नाही, पाटी नाही. त्यांनी वाक्य बोलायचं आणि आपण ते करून दाखवायचं. पहिल्या दिवशी माझ्या हातात भरलेला तांब्या दिला आणि म्हणाल्या, "पुट..."

पुट म्हणजे ठेव, हे आधी सांगून झालं होतं. मी ठेवला.

"...द पॉट ऑन द स्टूल," सगुणाबाईंनी वाक्य पुरं केलं. स्टूल पलीकडं होतं. तांब्या काकूंच्या पायावर.

आता यात माझी काय चूक? आपल्याकडं काय, कुठं, कसं हे सगळं सांगून झालं की मग शेवटी 'ठेव' येतं, 'जा' येतं. ते आलं की बाईमाणसानं हलायचं, ही जन्माची सवय. इंग्रजीत कामच आधी सांगतात आणि जागा मागाहून. "गो" म्हटल्याबरोबर मी परसात पोचलेली असायची, आणि "स्लोली टु द डोअर" मागं ओसरीवर एकटंच राहिलेलं.

काकू पाय पुसत म्हणाल्या, "जानके, सासूनं तुला लई चांगलं वळण लावलं बघ. आता जरा बिघड."

*

मग काम कसं करायचं ते सांगणारे शब्द आले. स्लोली म्हणजे हळू, क्विकली म्हणजे झटपट. सगुणाबाई काकूंना म्हणाल्या, "वॉक क्विकली टु द डोअर."

काकू जागच्या हलल्या नाहीत.

"काकू, बसून का ऱ्हायलात?" मी विचारलं. "दारापर्यंत झटपट जायचं हाय."

"कळलं मला. पर देशमुखाच्या घरात क्विकली कुनी चालत न्हाई. त्यासाठी गडीमानसं हायेत."

सगुणाबाई मोठ्या शांत बाई. त्यांनी वाक्य तेच ठेवलं, फक्त क्विकली काढून स्लोली घातलं. काकू उठल्या, दारापर्यंत गेल्या, पदर सावरला आणि परत येऊन बसल्या. तेव्हापासून सगळं क्विकली माझ्या वाट्याला आणि सगळं स्लोली काकूंच्या. वर्ग सुटायचा तेव्हा मला धाप लागलेली असायची आणि काकूंना झोप.

*

सरावाला वेळ मिळेना. मग मी सकाळी पूजेतच सराव सुरू केला. "पुट द फ्लॉवर ऑन द गॉड, सॉफ्टली." फूल देवाच्या वर, दिवा देवाच्या समोर, नैवेद्य देवाजवळ, बाळकृष्ण पाळण्याच्या आत. एकेक शब्द जागेवर बसायला लागला. शिवाय एक फायदा झाला. इतकी वर्षं मी नुसतंच फूल वाहत होते. आता 'सॉफ्टली' म्हणायचं म्हणजे ते खरंच हळुवार वाहावं लागे.

हे कचेरीला निघाले होते. देवघराच्या दारात थबकले.

"इतकी वर्षं निजामाचं राज्य हाय, तरी ह्या देवानं उर्दू शिकून घेतली न्हाई. तुझं इंग्रजी कशाला शिकंल?"

"अहो, त्याला शिकायचं नाही. नुसतं ऐकून घ्यायचंय."

"म्हंजे माझं नि त्याचं काम एकच हाय," म्हणाले, आणि रुमी टोपी डोक्यावर ठेवून निघून गेले.

*

नारायणगडाला जाऊन मी नवस बोलले. पूर्वी माझे नवस आटोपशीर असायचे. अमुक होऊ दे, नारळ फोडीन, संपलं. पण सगुणाबाईंनी इतकं पक्कं करून घेतलं होतं की नुसतं काम सांगून भागत नाही असं मनानं घेतलं. म्हणून म्हटलं, नारायणा, यमूला शाळा मिळू दे. औरंगाबादेतलीच मिळू दे. याच थंडीत मिळू दे. पोर तिथं सुखरूप जाऊ दे, हसत जाऊ दे, चांगल्या मुलींच्या शेजारी झोपू दे, खिडकीपासून जरा लांब...

मागून पुजारी म्हणाले, "बाई, मागं लोक खोळंबलेत. थोडं नारायनाला त्याच्या मनानं बी करू द्या."

*

थंडीत मडम आली, ती नेमकी सोमवारी.

नवसाबरोबर मी सोमवारचं मौनही धरलं होतं, दिवेलागणीपर्यंत. यमूच्या शाळेसाठीच. बोलावं तर व्रत मोडतं, न बोलावं तर शाळा जाते. मडमचा टांगा अंगणात आल्यावर हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आजच्या दिवस तोंड उघड. देव समजून घेईल."

"देव घेईल हो," काकू म्हणाल्या, "हीच घेनार न्हाई."

मी मडमला हात जोडले आणि उभी राहिले. सगुणाबाईंनी तिला इंग्रजीत सगळं सांगितलं. मडम हसली नाही, रागावलीही नाही. पाटावर बसली आणि म्हणाली, "कम अँड सिट बिसाइड मी."

मी जाऊन तिच्या शेजारी बसले.

मग तिनं पाणी मागितलं. मी आणलं. बरोबर गुळाचा खडा ठेवला, तो तिच्या वाक्यात नव्हता. तिनं तो तोंडात टाकला. यमू खांबाला धरून उभी होती, तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडं वळली आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "विल यू सेंड हर अवे फ्रॉम यू, ग्लॅडली?"

सगुणाबाई मराठीत सांगायला लागल्या. मी हात वर करून त्यांना थांबवलं. पाठवणं कळलं होतं. दूर कळलं होतं. माझ्यापासून, हे तर सगळ्यात आधी कळलं. आनंदानं, हे तिनं शेवटी ठेवलं होतं.

मी आत गेले. कोठीतून यमूची पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन आले, ओसरी उतरले आणि दोन्ही मडमच्या टांग्यात ठेवल्या.

मडम सगुणाबाईंशी काहीतरी बोलली. सगुणाबाई माझ्याकडं वळल्या. "वैनी, बाई म्हणतात, यमूला घेतली. पण इतकी घाई नाही. पुढच्या महिन्यात पाठवा."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. हे टांग्याजवळ गेले. पेटीला कुलूप होतं. वळकटी सुतळीनं आवळून बांधलेली, आत नवी गोधडी. त्यांनी वळकटीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "हे कधी बांधून ठेवलंस?"

सोमवार होता. मी काही बोलले नाही.