तराजूने निवडलेली बाटली

तराजूचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर कधी लावला नाही. पाठच उठवायची. कूस बदलली की कळ यायची, आणि कळ आली की चार वाजलेले असायचे.

तराजू हे गोदामातलं नाव. वाइनच्या गोदामात तो खोकी वाहायचा. खोकं खांद्यावर घेतलं की आत कुठला माल आहे ते त्याला न वाचता कळायचं. मुकादमाने एकदा गमतीत तराजू म्हटलं, ते चिकटलं ते चिकटलंच.

नव्या माणसाला वाटतं, ताकद उचलायला लागते. ताकद लागते ती ठेवायला. उचलताना माणूस ताजा असतो. ठेवताना दमलेला असतो, आणि दमलेला माणूस आदळतो. तराजू आधी खोक्याची एक कड टेकवायचा, हात काढून घ्यायचा, मग दुसरी. आवाज होता कामा नये. जाड काचेच्या बाटल्यांची गाडी आली की मालक स्वतः दारात येऊन उभे राहायचे. "जपून रे, जपून." पातळ काचेच्या मालासाठी मालक कधी आले नाहीत. त्यावरून तराजूने स्वतःपुरता नियम करून टाकला होता. जड ती चांगली. चाखायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

वर्षअखेरीची सुटी आली की गावातल्या प्रत्येक टेबलावर बाटली हवी असायची, आणि ती कुणीतरी पोचवायला हवी. लोकांच्या मेजवान्या, तराजूच्या गाड्या. तो घरी यायचा तोवर बायको आणि मुलगी जेवून निजलेल्या असायच्या. ओट्यावर झाकलेलं ताट. घरात टेबल नव्हतं. "पुढच्या वर्षी घेऊ," बायको म्हणायची. पुढच्या वर्षी मुलीची शाळा आडवी यायची, कधी गळकं छप्पर, शेवटी शेवटी बायकोची औषधं. तराजू ओट्याशी उभ्यानेच जेवायचा. एकदा बसलं की पाठ उठू देत नसे.

मुलीशी बोलणं व्हायचं ते रविवारी, तेही एवढंसं. तो दोन रिकाम्या बाटल्या तिच्या हातात द्यायचा.

"सांग, कुठली जड?"

ती डोळे मिटून सांगायची. चुकली की तो म्हणायचा, "हात काय शाळेत ठेवून आलीस?"

मुलगी लग्न होऊन गेली. बायको गेली. मग पाठीने काम सोडायला लावलं. त्या वर्षी सुटीच्या आधी मुलीचा फोन आला.

"बाबा, आता तुमच्या गाड्या नाहीत. जेवायला या. सबबी सांगू नका."

"बाटली मी आणतो," तराजू म्हणाला.

एवढ्या वर्षांत सुटीच्या दिवशी तो मुलीच्या शेजारी बसून जेवला नव्हता. बाटली चुकून चालणार नव्हती. सदऱ्याला इस्त्री करून तो वाइनच्या दुकानात गेला. या दुकानात तो जन्मभर माल घेऊन मागच्या दाराने शिरला होता. पुढच्या दाराला घंटा आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.

दुकानदारबाईंनी मान वर केली. "तराजू? वाट चुकलात का?"

"आज गिऱ्हाईक आहे."

"मग मान द्यायला हवा. बोला, जेवायला काय आहे?"

"मुलीकडे आहे जेवण."

"ते असू दे. शिजणार काय? मासे, मटण, की भाज्या?"

तराजूने सदऱ्याची बाही सारखी केली.

"बरं, मुलीला काय आवडतं? लाल? पांढरी? गोडसर चालते तिला?"

तराजू फळीवरच्या बाटल्यांकडे बघत राहिला. कुठली कुठे ठेवलीय ते त्याला पाठ होतं. हे मात्र ठाऊक नव्हतं.

"फोन करून विचारा ना. हा घ्या माझा."

"नको. एवढ्या मोठ्या पोरीला बापाने आता विचारायचं, तू काय खातेस म्हणून?"

त्याने एकेक बाटली उचलून पाहिली. एक हाताला पटली.

"ही."

"जाड काचेत वाइन जास्त मावत नाही हो. सगळ्यांत तेवढीच."

"ठाऊक आहे."

"आणि ही तगडी आहे. मटणाला ठीक. मासे असले तर तोंड ओढून धरेल."

"चांगली आहे ना?"

"चांगली आहेच."

"मग झालं तर."

मुलीकडे मासे होते. वाफेवर शिजवलेले, वर लिंबू. टेबलाभोवती जावई, विहीणबाई, नातू. तराजूची खुर्ची मुलीच्या शेजारी मांडली होती. जावयाने बाटली उघडली, पेले भरले, घोट घेतला आणि लगेच पाण्याला हात घातला.

"दमदार आहे, बाबा."

विहीणबाईंनी नुसते ओठ लावले. "बाटली मात्र देखणी आणलीत हो, व्याही. नंतर फुलं ठेवता येतील." मग त्या सुनेकडे वळल्या. "तू घेऊ नकोस गं. लाल घेतली की हिचं डोकं उठतं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुमचीच मुलगी."

"हो," तराजू म्हणाला.

मुलीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. पेला उचलला आणि पाणी प्यावं तसा रिकामा केला.

"बाबांनी आणलीय," ती म्हणाली.

बाकीचे पेले शेवटपर्यंत भरलेलेच राहिले. बोलणं नातवाच्या शाळेचं झालं, कुठल्याशा सहलीचं झालं, तराजूने कधी न पाहिलेल्या माणसांचं झालं. तो हसण्याच्या जागी हसला.

जेवणं झाल्यावर तो भांड्यांना उठला. सगळे नको म्हणाले, तर म्हणाला, बसून पाठ धरते. मुलगी शेजारी उभी राहून ताटं पुसत होती. मधेच तिने ओला हात कानशिलावर दाबला.

"दुखतंय?"

"थोडं."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत कुठे, बाबा?" ती हळूच म्हणाली. रागाने नाही. मग म्हणाली, "वजन बघून घेतलीत ना?"

"हो."

"हात शाळेत ठेवून आला होतात वाटतं."

तराजूने ताट दोनदा विसळलं. "तुला कुठली चालते?"

"पांढरी. थंडगार. हलकी असते. तुमच्या हाताला लागायचीसुद्धा नाही."

काम सुटताना गोदामाकडून मिळालेली रक्कम तशीच पडून होती. त्या महिन्यात तराजूने टेबल घेतलं आणि दोन खुर्च्या. जिन्यावरून दोन हमालांनी आणलं. तो मागून सांगत होता, "कड आधी. कड टेकवा आधी." तरी त्यांनी आदळलंच. मग पुढच्या दाराने दुकानात जाऊन त्याने पांढरी बाटली आणली. वाटेत दोनदा पिशवीत हात घालून पाहिलं, आहे ना म्हणून.

"रविवारी ये," त्याने मुलीला सांगितलं. ती हो म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी फोन आला. नातवाला ताप होता.

"पुढच्या रविवारी नक्की, बाबा."

"पोराला बघ आधी."

आजवर फोन इथेच संपायचा. तराजूने तो ठेवला नाही.

"जेवायला काय करू?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तुम्ही करणार?"

"मी करणार. तुला काय आवडतं ते सांग."

"बटाटे," ती म्हणाली. "सालीसकट भाजलेले, वर लोणी. आई सुटीच्या दिवशी करायची ना, तसे."

झाकलेल्या ताटात ते असायचे. गार झालेले, साल सुरकुतलेली, लोणी गोठून पांढरं पडलेलं. गरम असताना ते कसे लागतात हे तराजूला माहीत नव्हतं.

"किती वेळ भाजायची ती?"

मुलगी सांगायला लागली. आधी धुवायचे, मग पुसून कोरडे करायचे. टेबल आल्यापासूनही तराजू ओट्याशी उभ्यानेच जेवत होता. आता त्याने खुर्ची ओढली आणि फोन कानाशी धरून बसला. जन्मभराच्या मजुरीचं टेबल समोर होतं, आणि त्यावर अजून कुणी जेवलं नव्हतं.